दर तासाची साखर

सकाळी ७.२०

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे किंक्रांत म्हणतात, कुणी कर म्हणतात. शुभ कामं या दिवशी टाळतात. आमच्या वॉर्डात मात्र हा वर्षातला सगळ्यात धास्तीचा दिवस. मुलांच्या अतिदक्षता विभागात मी स्टाफ नर्स आहे, नाशिक भागातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडतात. मुलं मांजा गुंडाळलेली आसारी हातात घेऊन गच्चीवर चढतात, नजर आभाळात असते आणि पाय कठड्याच्या कडेवर. उरलेलं आम्ही बघतो.

इव्हिनिंगची एक सिस्टर रजेवर आहे, म्हणून आज मला डबल ड्युटी. सकाळी साडेसात ते रात्री नऊ.

नाईटच्या सिस्टरकडून ओव्हर घेतला. आठ खाटा, सहा मुलं, त्यातली तीन डोक्याला मार लागलेली. या तिघांच्या चार्टवर मी पहिल्यांदा बघते तो साखरेचा रकाना. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन हे मॉनिटरवर सारखं दिसतं, बिघडलं तर यंत्र ओरडतं. साखर ओरडत नाही. ती कुणीतरी जाऊन, रक्ताचा थेंब घेऊन, विचारावीच लागते.

८.००

डोक्याला मार लागलेल्या मुलाची साखर चढते हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. मधुमेहाशी त्याचा संबंध नसतो. मेंदूला धक्का बसला की शरीर घाबरतं. अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन ही संकटकाळची संप्रेरकं एकदम रक्तात उतरतात, यकृत आपला साठा मोकळा करतं आणि नवी साखर बनवायलाही लागतं. त्याच वेळी इन्सुलिनचं काम मंदावतं. चांगल्या, धडधाकट मुलाची साखर दोन-तीन तासांत अडीचशेवर जाऊ शकते. मार जितका मोठा, तितका हा आकडा बहुधा मोठा. पहिल्या दिवशी दोनशेच्या वर गेलेली आणि तिथेच अडून बसलेली साखर आम्हाला आवडत नाही. अशी मुलं पुढे जास्त त्रासात जातात, हे जगभरच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा नोंदवलं आहे.

तीन नंबरची खाट रिकामी आहे. पाच नंबरवर नऊ वर्षांची मुलगी, चौथा दिवस. वडिलांच्या मोटरसायकलवर पुढे, टाकीवर बसली होती. डोक्यावर काही नव्हतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानं बंधनकारक आहे. २०२३ पासून तर नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळालाही हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा लागतो, गाडी चाळीसच्या वर नेता येत नाही. नियम चांगला आहे. बाळाच्या मापाचं हेल्मेट मी आजवर रस्त्यावर एकदाही पाहिलेलं नाही.

तिची साखर दुसऱ्या दिवशी खाली आली होती. काल पुन्हा चढली, आणि चढतच राहिली. अशी उशिरा वर येणारी साखर जास्त संशयाची. ताप आलाय का, छातीत कफ साठलाय का, मानेतल्या शिरेत टाकलेल्या लाईनला जंतुसंसर्ग झालाय का, हे सगळं शोधावं लागतं. तिची छाती भरली आहे, प्रतिजैविक कालच बदललं. रात्रीपासून इन्सुलिनचा पंप चालू आहे. आठची साखर १७२.

पंपाची सिरिंज मी माझ्या डोळ्यांनी तपासते, ओव्हरमध्ये सांगितलं असलं तरी. ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट, म्हणजे एका मिलिलिटरला एक युनिट. इन्सुलिन आधी नळीच्या प्लास्टिकला चिकटतं, म्हणून नळीतून पहिले वीसेक मिलिलिटर सोडून द्यायचे, नाहीतर पहिला तासभर मुलाला काही मिळतच नाही आणि आपण उगाच वेग वाढवत बसतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात, एका मिलिलिटरला ४० युनिटची आणि १०० युनिटची. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये चुकून १००चं इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर मुलाला दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. म्हणून आमच्याकडे इन्सुलिन भरताना दोन माणसं लागतात. एक भरते, दुसरी बाटली हातात घेऊन आकडा मोठ्यानं वाचते. घाई कितीही असो.

९.३०

राऊंड. मॅडम, म्हणजे आमच्या युनिटच्या प्रमुख, पाच नंबरच्या खाटेशी बराच वेळ थांबल्या. सोबत नवे रेसिडेंट डॉक्टर आहेत, महिनाभरापूर्वी आलेले, हुशार आणि उतावीळ. त्यांनी विचारलं, “मॅडम, एकशे बहात्तर अजून जास्तच आहे. पंप वाढवून शंभरच्या आसपास आणू या का?”

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक तुकडा माझ्याही आयुष्यातला आहे.

२००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन शहरातून एक अभ्यास आला. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात असलेल्या मोठ्या माणसांची साखर इन्सुलिननं ८० ते ११० मध्ये घट्ट धरून ठेवली तर कमी माणसं दगावतात, असं त्यात दिसलं. सगळीकडे तीच लाट आली. मी २००७ मध्ये नोकरीला लागले तेव्हा ८० ते ११० हा आकडा आम्हाला पाढ्यासारखा पाठ होता. मग २००९ मध्ये सहा हजारांहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास आला आणि चित्र उलटं झालं. साखर घट्ट धरलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. पुढे २०१४ आणि २०१७ मध्ये आजारी मुलांवरचे दोन मोठे अभ्यास झाले. घट्ट धरल्यानं मुलं जास्त जगली नाहीत, साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग मात्र वाढले. डोक्याला मार लागलेल्या मुलांसाठी साखरेचा अमुकच आकडा, असं ठामपणे आजही कुणी सांगत नाही.

आता माझा तुकडा. नोकरीचं दुसरं वर्ष, दुसऱ्या एका रुग्णालयात, रात्रपाळी. सात वर्षांचा मुलगा, झाडावरून पडलेला, इन्सुलिनचा पंप चालू. रात्री दोनला साखर ९६ आली. मला किती समाधान वाटलं होतं! तीन वाजता पुन्हा बघायची होती. पण पावणेतीनला शेजारच्या खाटेवरच्या बाळाचं हृदय थांबलं. आम्ही दोघीच होतो, दोघीही तिथे. मी या मुलाकडे परत आले तेव्हा ३.५० झाले होते. साखर ३४.

लगेच ग्लुकोज दिलं, वीस मिनिटांत ती वर आली. मुलगा जगला, चालत घरी गेला, पण बोलणं अडखळत राहिलं. त्यातलं झाडावरून पडल्याचं किती आणि त्या पन्नास मिनिटांचं किती, हे कुणी सांगू शकलं नाही. मी ती रात्र विसरलेले नाही, विसरायचीही नाही.

मॅडमनी रेसिडेंटना शांतपणे सांगितलं, “तिला झोपेचं औषध चालू आहे. साखर उतरली तर तिला घाम फुटेल, हात थरथरतील, ती चिडचिड करेल, असं काहीही आपल्याला दिसणार नाही. झटकासुद्धा औषधाखाली दबलेला राहील. मेंदूकडे स्वतःची साठवण जवळजवळ नाही, त्याला दर मिनिटाला रक्तातून साखर लागते. एकशे बहात्तरनं तिचं आत्ता काही बिघडत नाही. शंभरवर आणायला गेलो आणि हात निसटला तर बिघडेल.”

आमच्या युनिटची रीत अशी आहे: शंभर ते एकशे ऐंशीमध्ये राहिली तर हात लावायचा नाही. दोनशेच्या वर तासाच्या अंतरानं दोनदा आली, आणि चढण्याची इतर कारणं दूर करूनही उतरली नाही, तरच इन्सुलिन.

११.४०

१०८ची रुग्णवाहिका आली. सहा वर्षांचा मुलगा, येवल्याजवळच्या एका गावातून. सकाळी नऊच्या सुमारास गच्चीवरून खाली पडला. वाटेत एका छोट्या दवाखान्यात थांबवलं होतं. आई-वडील आणि आजी सोबत. वडिलांच्या शर्टावर रक्त, आजीच्या हातात कापडी पिशवी, आईच्या हातात काही नाही.

तीन नंबरवर घेतलं. टोचल्यावरही डोळे उघडत नाही, आवाज म्हणजे नुसतं कण्हणं, टोचलं की हात मागे घेतो. ग्लासगो स्कोअर ७. पंधरा म्हणजे पूर्ण शुद्धीत, तीन म्हणजे सगळ्यात वाईट, आठ किंवा त्याखाली म्हणजे श्वासाची नळी घालायला हवी. १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी बसवलेली ही मोजणी आज येवल्याच्या मुलाला लागू होते, आणि ती लागू करायला डोळे, कान आणि आपला हात एवढंच लागतं.

डॉक्टर नळी घालत होते. मी बोट टोचून साखर बघितली. ४१२.

रेसिडेंट डॉक्टर वळून म्हणाले, “सिस्टर, इन्सुलिन काढा.”

मी त्या बोटाकडे बघितलं. मधलं बोट, तर्जनी, अंगठा, तिन्हींवर काहीतरी तपकिरी, चिकट वाळलेलं. तिळगूळ. सकाळी उठून खाल्ला असणार, हात न धुता गच्चीवर पळाला असणार. बोटावरच्या गुळाचा कणभर अंश त्या थेंबात मिसळला तरी मीटरचा आकडा कुठल्या कुठे जातो. स्पिरिटचा बोळा फिरवून गूळ निघत नाही, त्याला पाणीच लागतं. मावशींनी कोमट पाणी आणलं. मी त्याचा उजवा हात धुतला, नीट कोरडा केला, पहिला थेंब पुसून टाकला आणि दुसरा घेतला.

२६८.

४१२ आणि २६८ यांच्यात एका मुलाचा जीव मावतो. अठरा किलोचं मूल, त्याच्या अंगात साधारण सव्वा ते दीड लिटर रक्त. साखर नेहमीसारखी शंभरच्या आसपास असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर भरते दीड ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. एवढ्या थोड्यावर सगळा संसार चालतो. खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन मारलं असतं तर त्या तिसऱ्या हिश्शातलं किती उरलं असतं?

आता खरी २६८ कशानं, ते शोधायचं. मॅडम आल्या आणि त्यांचं पहिलं वाक्य तेच होतं, “साखर किती ते कळलं. का, ते बघू.” हाताला लागलेली सलाईनची बाटली मी वर उचलून दाखवली. डीएनएस. मिठाच्या पाण्यात पाच टक्के ग्लुकोज. पाचशेच्या बाटलीतलं तीनशे मिलिलिटर गेलेलं, म्हणजे पंधरा ग्रॅम साखर, चमच्यानं मोजली तर तीन चमचे. दवाखान्याच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ: डेक्सामेथासोन इंजेक्शन. हे स्टेरॉइड. मेंदूची सूज उतरेल या आशेनं पूर्वी सर्रास देत. २००४ मध्ये दहा हजार मोठ्या रुग्णांवरच्या अभ्यासात डोक्याच्या मारानंतर स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त आढळले, तेव्हापासून ते यासाठी द्यायचं नाही असं ठरलं. मुलांमध्येही त्याचा उपयोग दिसलेला नाही. साखर मात्र ते हमखास चढवतं.

चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला मी दोष देत नाही. त्यानं मुलाला ताबडतोब पुढे पाठवलं, मानेला आधार बांधला, ही मोठी कामं केली. पण गावोगावच्या दवाखान्यांत भिंतीवर एक ओळ चिकटवली जावी असं मला मनापासून वाटतं: डोक्याला मार लागलेल्या मुलाला ग्लुकोजची बाटली लावू नका, आधी साखर तपासा. कमी असेल तरच ग्लुकोज. एरवी साधं एनएस, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. बाटली मिठाशिवायच्या नुसत्या ग्लुकोजची असेल तर ग्लुकोज अंगात वापरलं जातं, मागे नुसतं पाणी राहतं, आणि त्यानं सुजलेला मेंदू आणखी सुजू शकतो. म्हणजे नुकसान दुहेरी.

आणि घरच्यांसाठीही एक. बेशुद्ध मुलाच्या तोंडात साखरपाणी घालू नका. “चक्कर आली असेल” म्हणून प्रेमानं घातलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. आजच्या मुलाच्या नळीतून ओढलेल्या पाण्यात पांढुरके कण होते. मी आजीकडे बघितलं, काही विचारलं नाही.

बाटली बदलली. डोकं तीस अंश वर, मान सरळ. फेंटॅनिल आणि मिडाझोलाम चालू. दुखणं आणि धडपड हीसुद्धा साखर चढवतात, झोपेनं ती आपोआप थोडी उतरते. मनगटातल्या धमनीत लाईन टाकली, म्हणजे आता दर वेळी बोट टोचायला नको. त्या लाईनच्या बाटलीवर मी मोठ्या अक्षरात ‘फक्त सलाईन’ लिहिलं. तिथे चुकून ग्लुकोज लावलं गेलं तर प्रत्येक नमुना खोटा येतो, आणि खोट्या चढलेल्या आकड्यावर इन्सुलिन दिल्यानं माणसं गेलेली आहेत.

इन्सुलिन काढलं नाही. रेसिडेंट डॉक्टरांनी एकदा मला विचारलं, “सिस्टर, खरंच थांबायचं?” मी म्हटलं, “सर, तासभर. दर अर्ध्या तासानं मी सांगते तुम्हाला.”

१२.३५

२५१.

सीटी झाला. समोरच्या भागात रक्ताळलेला मार आणि सूज. आत्ता ऑपरेशन नको, दाबावर लक्ष ठेवायचं, असं न्यूरोसर्जन म्हणाले.

सीटीहून परतताना लक्षात आलं की पाच नंबरच्या मुलीलाही एक वाजता सीटीला न्यायचंय. म्हणून कुणीतरी तिचं नाकातल्या नळीचं दूध बाराला थांबवलं होतं, पोट रिकामं हवं म्हणून. बरोबरच केलं. पण पंप? तासाला १.१ युनिटच्या वेगानं इन्सुलिन चालूच होतं. खायला थांबवलं आणि इन्सुलिन चालू ठेवलं, की वाट सरळ खड्ड्यात जाते. डॉक्टरांना हाक मारली, पंप बंद केला, साखर बघितली. १२१. अकराला ती १५४ होती. अजून तासभर लक्ष गेलं नसतं तर सीटीच्या मशीनमध्ये, आमच्या नजरेआड, ती कुठे पोहोचली असती कोण जाणे.

आज संध्याकाळी मी पंपावर चिकटवण्यासाठी एक पट्टी करणार आहे: ‘दूध बंद तर पंप बंद’. पाच शब्द.

२.००

दुपारी नातेवाईकांना एक-एक करून आत सोडतो. मुलाचे वडील आले. हात धुऊन खाटेपासून दोन पावलं लांबच उभे राहिले.

“मॅडम, मघाशी डॉक्टर म्हणत होते साखर अडीचशे. आमच्या घरात कुणालाच शुगर नाही. याला कशी झाली?”

“झालेली नाही, दादा.”

हा प्रश्न मला दर वेळी येतो, आणि त्यामागची भीती मला कळते. एका दिवसात दोन संकटं कोण झेलणार. कांद्याचं शेत आहे म्हणाले, म्हणून त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, “घरावर संकट आलं तर माणूस कणगी फोडतो ना, पुढच्या वर्षाचा विचार करत नाही? याच्या शरीरानं तेच केलंय. यकृतात साठवलेली साखर सगळी रक्तात ओतली, मेंदूला कमी पडू नये म्हणून. आणि वाटेत लावलेल्या सलाईनमधूनही थोडी गेली. संकट ओसरलं की ती आपोआप खाली येईल.”

“मग तुम्ही ती कमी का करत नाही?”

“कमी होतेय. सकाळी २६८ होती, आता २३१. आम्ही तिला ढकलत नाही, उतरू देतोय. आणि मधुमेह नाही ना याची तपासणी पाठवलीय, मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते त्यातून.”

त्यांनी मान हलवली. मग पुढे येऊन मुलाच्या पावलाला हात लावला. “पाय गार आहेत.” मी पांघरूण खाली ओढून दिलं.

खरं सांगायचं तर त्यांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं. चढलेली साखर मेंदूला स्वतः इजा करते, की ती फक्त मोठ्या इजेची खूण आहे, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. दोन्ही थोडं थोडं खरं असावं. ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि ते तिथेच साचतं, हे खरं. साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीतून बाहेर पडते, सोबत पाणी ओढून नेते, रक्तदाब घसरू शकतो, आणि मार लागलेल्या मेंदूला रक्तदाबाची घसरण अजिबात सोसत नाही, हेही खरं. पण आकडा खाली आणला म्हणून मेंदू बरा होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही.

३.३०

दोन नंबरचा मुलगा, बारा वर्षांचा. दुपारपासून लघवीची पिशवी भरतच होती. दोन तास झाले, दर तासाला अडीचशे मिलिलिटरच्या वर. चौतीस किलोच्या मुलाला हे फार. साखरेनं होतंय का? रक्तातली साखर ११८, लघवीत साखर नाही. लघवी वाढवणारं मॅनिटॉल सकाळी दिलेलं नव्हतं. सोडियम मागवलं, १५१. मग ओळख पटली: मेंदूतली पाणी राखणारी ग्रंथी मुकी झाली आहे. याला डायबिटीस इन्सिपिडस म्हणतात. डेस्मोप्रेसिन सुरू झालं.

नाव ऐकून त्याची आई दाराशीच मटकन बसली. ‘डायबिटीस’ एवढंच तिनं ऐकलं. आपल्या जुन्या वैद्यांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यात मधुमेह वेगळा आणि उदकमेह वेगळा. मी तिला तेच सांगितलं, “ताई, हा गोड लघवीचा आजार नाही. हा पाण्याचा. उदकमेह समजा. साखर याची एकदम चांगली आहे.” कुठला तरी मराठी शब्द मिळाल्यावर ती उठून उभी राहिली.

५.१०

चहा. नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनी आहेत आज सोबत, दोघी निफाडच्या. एकीनं विचारलं, डोक्याचा आणि साखरेचा संबंध कुणी शोधला? हे मला मॅडमनी सांगितलं होतं, मी त्यांना सांगितलं. १८४९ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद बर्नार या शास्त्रज्ञानं सशाच्या मेंदूच्या खालच्या टोकाला, चौथ्या पोकळीच्या तळाशी, सुई टोचली. थोड्या वेळानं सशाच्या लघवीत साखर उतरली. स्वादुपिंडाला हातही लावलेला नव्हता. इन्सुलिन सापडायला तेव्हा अजून सत्तर वर्षं होती. मेंदू दुखावला की यकृताला निरोप जातो, हे तेव्हाच दिसलं होतं.

एवढ्यात पाच नंबरचा पंप वाजला म्हणून चहा अर्धाच राहिला. पंप तीन वाजता दूध सुरू झाल्यावर अर्ध्या वेगानं चालू केला होता, सिरिंज संपत आली होती. नवी भरली. एका विद्यार्थिनीच्या हातात बाटली दिली आणि म्हटलं, “वाच मोठ्यानं.” तिनं वाचलं, “चाळीस.” मी लाल टोपण दाखवलं, दोनदा मिळून सव्वा मिलिलिटर ओढलं. “का सव्वा?” तिनं मनात हिशेब केला, ओठ हलले, आणि म्हणाली, “चाळीस गुणिले सव्वा, पन्नास.” मला खूप बरं वाटलं.

६.४०

तीन नंबरचा रकाना वरून खाली वाचते आहे. २६८, २५१, २४४, २३१, २१५, १९८, १८४. मधे चार वाजता एकदा वर चढून २२२. तेव्हा कफ ओढला होता, तो खोकला, डोक्यातला दाब वाढला, नाडी धावली. फेंटॅनिलचा एक डोस दिल्यावर अर्ध्या तासात साखरही शांत झाली. शरीर किती पटकन सांगतं! आपण त्या उडीला इन्सुलिननं उत्तर दिलं असतं तर सहा वाजता खड्डा पडला असता.

तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट आला, ५.२. मधुमेह नाही. वडिलांना बाहेर जाऊन सांगितलं. ते सरकारी उपचार योजनेच्या कागदांवर सह्या करत बसले होते, लिहिता लिहिता थांबले, मग पुन्हा लिहायला लागले.

रेसिडेंट डॉक्टर चार्टपाशी येऊन उभे राहिले. बोटानं रकाना खालपर्यंत नेला. “इन्सुलिन न देताच,” ते म्हणाले. मी म्हटलं, “आज. उद्या कदाचित द्यावं लागेल. दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढली तर कारण शोधायला लागेल.” त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. सकाळपेक्षा त्यांचा आवाज हळू होता.

स्कोअर अजून सातच आहे. साखर उतरली म्हणजे मुलगा जागा होतोय असं नाही, हे मी स्वतःला पुन्हा बजावते. साखरेचा रकाना एवढंच सांगतो की आज आमच्या हातून काही बिघडलं नाही.

८.४५

नाईटची सिस्टर आली. ओव्हर देताना मी साखरेशी जास्तच वेळ थांबते, ती हसत नाही, ऐकते. तीन नंबर: आठची १६२, पुढची नऊला, मग दर तासाला, लाईनमधून. ग्लुकोजची बाटली नाही. शंभरच्या खाली गेली तर लगेच सांग, सत्तरची वाट बघू नको. पाच नंबर: पंप ०.५, दूध चालू, रात्री दूध पचलं नाही तर आधी पंप बंद. पंपावरची पट्टी लावून झाली आहे. दोन नंबर: लघवी आटोक्यात, सोडियम दहाला.

निघताना मुलाची आई आत आली. दिवसभरात ती पहिल्यांदाच आत आली होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी म्हटलं, “ताई, बोला त्याच्याशी. ऐकू येत असेल.” ती बोलली नाही. त्याचा डावा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि बघत राहिली. मग म्हणाली, “सिस्टर, हात चिकट आहे त्याचा.”

सकाळी मी फक्त उजवा धुतला होता. डाव्याच्या बोटांमध्ये गूळ तसाच होता, एक तीळ नखाशी अडकलेला. त्या बोटाला आता सुई टोचायची नव्हती, तरी मी मावशींना कोमट पाणी आणायला सांगितलं. आईनं पदराचं टोक भिजवलं होतं, मी ते सोडवून तिच्या हातात कापसाचा बोळा दिला. ती एकेक बोट वेगळं करून पुसत होती.

नऊ वाजले. नाईटच्या सिस्टरनं लाईनमधून थेंब घेतला आणि मला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं, “एकशे पन्नास.”